उन्हाचा वाटा

पगारपत्रकावर माझं पद शेवटपर्यंत ‘मजूर’ असंच होतं. काम मात्र वाचायचं. धरणाच्या भिंतीला काळ्या-पांढऱ्या आकड्यांची उभी पट्टी रंगवलेली असते, तिला आम्ही गेज म्हणतो. पाणी त्या पट्टीवर कुठवर आलंय ते रोज सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं. लग्नानंतर सासुरवाडीला कुणीतरी विचारलं, पावणं काय करतात? मी ऐटीत म्हणालो, पाणी वाचतो. सासऱ्यांचा समज झाला की जावई पाणाड्या आहे. आठवड्याभरात त्यांनी मला विहिरीची जागा दाखवायला बोलावून घेतलं. मी नाही नाही म्हणालो, तर तो त्यांना माझा विनय वाटला. शेवटी एक जागा दाखवून मोकळा झालो. तिथं काय लागलं हे विचारू नका, त्या विषयावर आमच्या घरात अजून बोलत नाहीत.

धरणाचं नावही इथं लिहीत नाही. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, बेल्ह्याच्या बाजाराला पायी जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर ते आहे. येडगावच्या धरणावर शाळांच्या सहली यायच्या, लोक फोटो काढायचे. आमच्याकडे यायचे ते बगळे. तालुका एकच, पण पश्चिमेकडची माणसं पावसाला कंटाळलेली असतात आणि आमच्याकडची ढगाकडे बघून कंटाळलेली. माझं घर आंबेगाव तालुक्यात, कळंबला. आठवडाभर धरणावरच्या चौकीत राहायचं आणि आठवड्यातून एकदा, बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळचं वाचन करून घरी जायचं, असा माझा नेम होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच परत.

धरणाचा हिशोब बाहेरच्या माणसाला वाटतो तितका अवघड नसतो. आठवड्यात पाणी किती उतरलं हे गेजवरून कळतं. कालव्यातून खालच्या गावांना किती गेलं तेही कळतं. उरलेलं गेलं कुठं? त्यातलं बरंचसं ऊन पितं. किती पितं हे मोजायला एक साधन असतं. चार फूट रुंद, वीतभर खोल असं गोल भांडं लाकडी चौकटीवर मांडतात, वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. आत पितळेचं एक टोकदार बोट उभं असतं. रोज सकाळी त्या टोकापर्यंत पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी टोक उघडं पडलेलं असतं. परत टोकापर्यंत यायला जितकं पाणी ओतावं लागेल, तितकं कालपासून आजपर्यंत उडून गेलं. त्या प्रमाणात तळ्यातलंही गेलं असं धरतात. कागदावर त्याचं नाव बाष्पीभवन पात्र. गावातले लोक त्याला ‘सरकारी काहील’ म्हणायचे, कारण गूळ करायच्या काहिलीची ती धाकटी बहीण दिसायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे एक तरुण शाखाधिकारी आले. त्याआधी काहील फुटकी होती आणि आम्ही जुन्या तक्त्यातले आकडे उतरवून काढायचो. साहेबांनी दिवाळीनंतर नवी काहील बसवून घेतली. मला भारी कौतुक वाटलं. एवढं मोठं तळं, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते चौकीच्या अंगणात बसून कळतं! उन्हाळा सुरू झाला तसं माझ्या लक्षात आलं की जुन्या तक्त्यापेक्षा आमचं ऊन बरंच कमी पाणी पितं. मी दोन-तीन जणांना सांगूनही टाकलं की आपलं धरण गुणी आहे.

पण मग हिशोब जुळेना. हिशोबाच्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘इतर’ नावाचा असतो. ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं पाणी तिथं जातं, आणि ‘इतर’ फुगला की वाचणारा त्याचा अर्थ एकच काढतो, चोरी. माघ संपता संपता ‘इतर’ फुगायला लागला. साहेबांनी विचारलं, कोण उपसतंय?

उपसणारे कोण हे सांगायला फार डोकं लागत नव्हतं. तळ्याच्या वरच्या अंगाला चार-पाच मोटरी होत्या. या धरणातली एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा ती मला गंमत वाटायची. खालच्या गावांना पाणी उताराने आपसूक जातं, दार उचललं की झालं. ज्यांची रानं बुडाली ते मात्र वर माळावर सरकले, त्यामुळे पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर आणि पायांच्या खाली. ते वर ओढायला वीज लागते, परवाना लागतो. चौकीच्या सगळ्यात जवळची मोटर बबनची होती. पूर्वी मेंढरं राखणारं घर, त्याच्या वडिलांनी शेती धरली आणि धरणात तीच गेली. घरात तो, त्याची बायको आणि आई हौसाबाई.

साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा मी सगळ्यात जवळच्या बबनचं नाव घालून माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर इसम परवान्यापेक्षा जास्त उपसा करीत असावेत.’ ‘असावेत’ लिहिलं की आपल्यावर काही येत नाही, हे मी ऑफिसात शिकलो होतो. अहवाल वरच्या ऑफिसात गेला. तिथं कुणीतरी ‘असावेत’चं ‘आहेत’ केलं आणि आठ दिवसांत बबनच्या स्टार्टरच्या पेटीला सील लावायचा हुकूम आला. पंचनाम्याला मी हजर होतो.

बबन भांडला नाही. तो म्हणाला, “परवाना सहा तासांचा हाय. थ्री फेज दिवसाला चार तास येती, ती बी धड न्हाई. मंग मी जादा उपसीन कसा?” पंचनामा करणाऱ्यांच्या कागदावर वीज आठ तास होती, त्यामुळे त्यांनी ते कानाआड केलं. मग बबन माझ्याकडे वळला. “भाऊ, तुमी सोत्ता बघितलं का मला जादा उपसताना?”

मी वहीत काहीतरी शोधायला लागलो. वहीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या रानात तेव्हा कांद्याचे डेंगळे उभे होते. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात बी टाकलं की दिवाळीच्या सुमाराला लाल कांदा निघतो. त्यातले निवडक कांदे परत जमिनीत लावतात, त्यांना कमरेएवढे दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे आणि गोंड्यांत काळं बी. हे बी लई नाजूक. पुढच्या वर्षी पेरू म्हणून ठेवून दिलं तर उगवत नाही. दरवर्षी नव्यानं धरावं लागतं. बबनच्या घरचं बी हौसाबाईंनी बुडालेल्या रानातून आणलेलं होतं. रान गेलं, घर गेलं, तिथल्या मातीतलं एवढंच काय ते वर आलं होतं, आणि मध्ये एकही वर्ष न चुकवता त्यांनी ते वीस वर्षं चालवलं होतं. डेंगळ्यांना अजून तीन पाणी हवी होती. ती मिळाली नाहीत तर गोंडे पोचट राहणार आणि ते बी कायमचं संपणार होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मनाची समजूत घातली की चोरी केली तर भोगावं लागतं. पुढच्या आठवड्यात हिशोब केला आणि माझी समजूत तिथंच ढासळली. मोटर बंद होऊनही ‘इतर’ उतरला नव्हता. उलट वाढला होता.

आता मला राहवेना. खरं सांगायचं तर त्या वेळी बबनच्या काळजीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. पाणी तर गेलंय आणि नेणारा कुणी नाही, म्हणजे काय? सगळी वही घेऊन बसलो. काहिलीचे आकडे एकाखाली एक मांडले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. आठवड्यातले सहा दिवस आकडा लहान, आणि एक दिवस मोठा, जवळजवळ दुप्पट. तो दिवस दर वेळी बेल्ह्याच्या बाजाराच्या दुसऱ्या सकाळचा. म्हणजे बाजाराच्या दिवशी ऊन जास्त पाणी प्यायचं!

ऊन बाजाराला जातं का, असं मी स्वतःलाच विचारून बघितलं. मग डोक्यात लख्ख उजाडलं. बाजाराला बैल घेऊन जाणारे व्यापारी याच रस्त्याने येतात. मी त्या दिवशी कळंबला असतो. जाळी उचलून बैलांना पाणी पाजत असणार! शोध लागल्याच्या आनंदात मी त्या आठवड्यात घरी गेलो नाही. बायकोला निरोप दिला की सरकारी काम आहे. सकाळी काहील भरली आणि चौकीच्या खिडकीत भाकरी बांधून बसलो.

दिवसभरात टेम्पो गेले, मोटारसायकली गेल्या, बैल गेले. एकानेही काहिलीकडे ढुंकून पाहिलं नाही. चिमण्या तेवढ्या जाळीवर बसून चोच बुडवून गेल्या, पण चिमण्या पिऊन पिऊन किती पिणार? दुसऱ्या सकाळी मोजलं, आकडा मोठाच. कुणीही हात न लावता मोठा.

कुणी हात लावला नाही तर आकडा मोठा येतो. मग खरा आकडा हाच. बाजाराच्या दिवशी कुणी पाणी नेत नव्हतं, बाकीचे सहा दिवस कुणीतरी घालत होतं. आणि ते माणूस बाजाराच्या दिवशी बाजाराला जात होतं.

त्या दिवशी मी रोजच्यासारखा कालव्यावर निघाल्याचं दाखवलं, सायकल वळणावर लावली आणि मागच्या बाजूने चौकीत येऊन बसलो. दुपार टळायच्या आत हौसाबाई आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. सील लागल्यापासून त्या तळ्यातून पाणी भरून डेंगळ्यांना घालत होत्या, दिवसाला किती खेपा कुणास ठाऊक. अख्खं रान भिजवणं शक्यच नव्हतं, एक ओळ धरून ठेवली होती. तर त्या थांबल्या, कळशी कमरेवरून काढली आणि जाळीतून बारीक धार धरून काहिलीत पाणी ओतलं. वाकून बघितलं, आणखी थोडं ओतलं. अगदी टोकापर्यंत, मी सकाळी भरतो तितकंच, थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

मी बाहेर आलो. त्या दचकल्या नाहीत. उलट माझं काम हलकं केल्यासारख्या हसल्या.

“टोक उघडं पडलं व्हतं, भाऊ. दुपारचं रोजच पडतं. तुमी सकाळी भरून जाता, मंग मी दुपारी भरते.”

कशासाठी, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा.

“पाखरं येत्यात की पाण्याला. आमच्यात डोण उणी ठिवून पुढं जात न्हाईत.”

माळावर मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांची ही रीत मी पुढे चौकशी करून समजून घेतली. वाटेवरच्या दगडी डोणीत आपल्या जनावरांनी पाणी प्यायलं की ती भरूनच पुढे जायचं, मागून येणाऱ्याची जनावरं ताटकळू नयेत म्हणून. हौसाबाईंची मेंढरं कधीच गेली होती, पण रीत राहिली. सरकारनं पाखरांसाठी डोण मांडली आहे, सकाळी तिला भरायला एक पगारी माणूस ठेवलाय, आणि दुपारी तो बिचारा नसतो, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. माघात ऊन वाढलं तेव्हापासून, सील लागायच्या आधी घरच्या पाण्याच्या खेपेतून, त्या रोज भरत होत्या.

मी त्यांना सावलीला बसवलं आणि काहील कशासाठी आहे ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. रोज ऊन किती पितं हे मी बोटावर दाखवलं, उन्हाळ्यात अर्धं पेर. त्यांनी स्वतःचं बोट धरून अर्धं पेर मोजलं आणि मग तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली.

“समद्या तळ्यावरनं येवढं? रोज?”

मी हो म्हणालो.

“आमचं रान तळाला हाय. खालच्या गावांना पाणी पायजे म्हनले, म्हनून दिलं. ऊन मधीच येवढं पिऊन जातं, ह्ये कुनी बोललं न्हवतं.”

मलाही नोकरीला लागताना कुणी बोललं नव्हतं. आडव्या पसरलेल्या उथळ तळ्यात पाणी राखून ठेवायचं म्हणजे रोज उन्हाला त्याचा वाटा देऊन राखायचं, हे मी आकडे लिहून लिहून शिकलो. आधी सोडून द्यावं तर वैशाखात खालची गावं तहानेली राहतात, वैशाखापर्यंत ठेवावं तर ठेवलेलं तेवढं राहत नाही. बबनच्या मोटरीचं मात्र मी त्यांच्याजवळ काढलं नाही. धीर झाला नाही.

साहेबांना त्याच संध्याकाळी सांगितलं. ते आधी खो खो हसले. मग त्यांना सील आठवलं आणि हसू थांबलं. सील वरच्या हुकमाने लागलं होतं, वरच्या हुकमानेच निघणार होतं. नवा अहवाल लिहायला बसलो. मी लिहिलं, ‘उपसा प्रत्यक्ष न पाहता मी नोंद केली, ही माझी चूक आहे.’ साहेब भला माणूस, त्यांनी सुचवलं की तिथं ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहा, तुमच्यावर कशाला घेता? आयुष्यात साहेबांच्या पुढे मी एकदाच अडून बसलो, ते त्या वाक्यासाठी. ते तसंच गेलं. त्याचं उत्तर म्हणून मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली, ती अजून माझ्या ट्रंकेत आहे.

हिशोब दुरुस्त झाल्यावर कळलं की वैशाखापर्यंत धरणात आपण समजत होतो त्यापेक्षा बरंच कमी पाणी उरणार आहे. शेवटचं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायची शेवटची पाळी, अलीकडे ओढावं लागलं. खालच्या गावांची प्यायच्या पाण्याची तळी भरली, पण त्यांचा चारा वाळला. तिथले लोक मला बरंच बोलले आणि मी ऐकून घेतलं.

सील काढायचा हुकूम पाडवा उलटून गेल्यावर आला. तो घेऊन मी स्वतः गेलो. रानातले डेंगळे गवतासारखे करपले होते. हौसाबाईंनी हंड्यानं जगवलेली एक ओळ तेवढी हिरवी होती. बबनने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात घातला आणि मोटरीकडे निघून गेला. पुढं कितीतरी वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. वाटेत दिसला की मान फिरवायचा. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वैशाखात एकदा त्यांच्या दारावरून जात होतो. हौसाबाईंनी हाक मारली. अंगणात घोंगडी पसरून त्या गोंडे चोळत होत्या. सुपात काळं बी पडलं होतं, असेल तीनेक मुठी. मला त्यांनी समोर बसवलं.

“भाऊ, येक खरं सांगा. मी त्या काहिलीत पाणी वतलं, म्हनून बबनची मोटर बंद झाली का?”

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. काहिलीला हात लावू नका असं मी म्हणालो, आणि त्यानंतर महिन्याच्या आत सील निघालं, एवढ्यावरून त्यांनी ते जुळवलं होतं. मी वहीवरून जुळवलं, त्यांनी वहीशिवाय.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “मी न बघता लिहिलं, म्हणून झाली.”

त्यांनी हातातला गोंडा चोळून सुपात झटकला. मग उठून आत गेल्या, वर्तमानपत्राचा तुकडा आणला आणि सुपातलं एक मूठ बी त्यात बांधून माझ्यापुढे धरलं. कळंबला घेऊन जा, वाफ्यात टाका, दिवाळीला कांदा निघाला की डेंगळे लावा आणि बी धरा, असं म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच एवढंसं राहिलंय, त्यातलं मला कशाला, असं काहीतरी मी पुटपुटलो.

“येवढंसंच हाय, म्हनून तर देते. येकाच घरात व्हतं, तर येका कागदानं जायाला निघालं. आता दोन घरांत राहील.”

मी शेतकऱ्याच्याच घरातला, पण बी धरायचं काम कधी केलं नव्हतं. बायकोनं शिकवलं. पहिल्या वर्षी ओंजळभरही निघालं नाही. त्यानंतर मात्र एकही वर्ष चुकवलं नाही. बदली झाली, दुसऱ्या धरणावर गेलो, निवृत्त झालो, गुडघे गेले, तरी दर दिवाळीनंतर परसात डेंगळे लागतातच. हौसाबाई मधल्या काळात गेल्या.

मग एका चैत्रात आमच्या भागात गारपीट झाली; आमच्या परसातले डेंगळे कसेबसे वाचले. जुन्नरच्या पूर्वेला तर झाडांना पान ठेवलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. बबन होता, केस पांढरे झालेले. त्यानं राम राम केला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. काय हवं ते त्याला सांगावं लागलं नाही. मी आतून डबा आणला आणि डब्यातलं सगळं बी त्याच्या पिशवीत ओतलं. चहा घेतलास तर बरं वाटेल म्हणालो, तर बसून चहा घेतला. जुनं त्यानं काही काढलं नाही, मीही काढलं नाही.

निघताना गाडीवर बसला, पण किक मारीना.

“तुमच्यापुरतं ठिवलं का?” त्यानं विचारलं.

मी ठेवलंय म्हणालो. तो तसाच बसून राहिला. मी घरात जाऊन पुडी आणली, उघडून त्याला आतलं बी दाखवलं, तेव्हा कुठं त्यानं गाडी चालू केली.